यकृताच्या शिरेत स्टेंट घातला, तरी गोळी का?

प्रश्न : माझी मुलगी २७ वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वी तिचं पोट दुखायला लागलं, उजवीकडे बरगडीखाली. मी म्हटलं गॅस असेल. मग पोट फुगायला लागलं. जेवण कमी झालं, हात बारीक झाले, आणि कमरेची नाडी मात्र दर आठवड्याला थोडी सैल करावी लागायची. शेवटी सोनोग्राफी केली तर पोटात पाणी. दोन डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की दारू घेते का. तिने कधी थेंबही घेतलेला नाही. डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि सीटीनंतर ‘बड-किआरी सिंड्रोम’ असं निदान झालं. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या तीन शिरांपैकी दोन पूर्ण बंद आहेत आणि उजवी तोंडाशी अरुंद झालीय, तिथे स्टेंट घालू म्हणतात. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन सुरू केलंय. पुढे गोळी, तीही जन्मभर. माझ्या यजमानांना हृदयात स्टेंट आहे. त्यांच्या दोन गोळ्यांपैकी एक वर्षभराने बंद केली. मग हिलाच जन्मभर का? घरातले काही म्हणतात, एवढ्या लहान वयात अंगात धातू कशाला, इंजेक्शनांनी गुठळी विरघळेल, थोडं थांबा. पाळी नियमित व्हावी म्हणून वर्षभर हार्मोनच्या गोळ्या तिला मीच आग्रहाने घ्यायला लावल्या होत्या. त्यामुळे हे झालं का? तिला पुढे मूल होईल का? तिला आम्ही अजून सगळं सांगितलेलं नाही. ‘पोटातली एक नस चोंदलीय’ एवढंच तिला माहीत आहे. – एक आई

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी शेवटी येतो, पण येणार नक्की.

आधी स्टेंटचं. तुम्ही लिहिलंय तशीच परिस्थिती असेल, म्हणजे उजवी शीर तोंडाशी थोड्या अंतरापुरती अरुंद आणि तिच्या मागचा भाग चांगला, तर स्टेंट घालून घ्या असंच मीही सांगेन. आणि गोळी सुटणार नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो. घरोघरी या दोन गोष्टींची अदलाबदल केली जाते. कुणी म्हणतं गोळी आहे तर स्टेंट कशाला, कुणी म्हणतं स्टेंट घातला तर गोळी कशाला. स्टेंट बुजलेली वाट उघडतो. पण तिथे रक्त गोठलं का, त्या कारणाला तो हातही लावत नाही. ते कारण मुलीच्या रक्तात आहे आणि स्टेंट घातल्यानंतरही तिथेच राहणार आहे.

यकृताला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त येतं. त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश आतडी आणि प्लीहेकडून पोर्टल शिरेतून येतं, बाकीचं धमनीतून. बाहेर पडायला मात्र मुख्य शिरा तीनच. त्या तिन्ही छातीच्या पडद्याच्या अगदी खाली मोठ्या महाशिरेत उघडतात आणि तिथून वर लगेच हृदय लागतं. आता येणारं रक्त येतच राहिलं आणि जाण्याची दारं लागली, तर काय होईल ते तुम्ही तीन महिने डोळ्यांनी पाहिलंय. यकृत रक्ताने तुडुंब भरून सुजतं. त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं, म्हणून बरगडीखाली दुखतं. दाब वाढला की त्याच्या अंगातून पाणी पोटात पाझरतं. नाडी सैल करावी लागत होती ती या पाण्यामुळे, आणि हात बारीक होत होते ते भूक मेल्यामुळे. तुम्ही जे जे टिपलंत ते सगळं बरोबर होतं. नाव तेवढं माहीत नव्हतं, आणि ते माहीत असण्याची अपेक्षा कुणी तुमच्याकडून करूच नये. दहा लाख लोकांत वर्षाला एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार आहे. बड या इंग्रज डॉक्टरांनी १८४५ साली आणि किआरी या ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञांनी १८९९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते जोडनाव.

सीटीच्या अहवालात कदाचित ‘कॉडेट लोब मोठा झालाय’ असं लिहिलेलं असेल. ते वाचून घाबरू नका, ती गाठ नव्हे. यकृताच्या या लहानशा भागाच्या स्वतःच्या बारीक शिरा थेट महाशिरेत जातात. त्यामुळे बाकीची दारं लागली तरी त्याचं रक्त वाहतं राहतं, आणि सगळा भार अंगावर आल्यामुळे तो वाढतो. माझ्यासारख्याला तर तो निदानाची खूणच वाटतो.

‘थोडं थांबा’ म्हणणाऱ्यांची भीती मला कळते. सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या अंगात तार घालायची म्हटल्यावर कुणालाही थांबावंसं वाटेल. पण इंजेक्शन काय करतं ते त्यांना सांगा. ते नवी गुठळी होऊ देत नाही आणि असलेली वाढू देत नाही. अगदी ताजी गुठळी शरीर हळूहळू विरघळवू शकतं. तीन महिन्यांची गुठळी मात्र बहुधा गुठळी उरलेलीच नसते, तिचा घट्ट व्रण झालेला असतो. तो व्रण कुठल्याही इंजेक्शनाने उघडत नाही. इकडे दाबाखाली राहिलेल्या यकृताच्या पेशी प्राणवायूवाचून मरत राहतात आणि त्यांच्या जागी तंतू येतात. तंतू वाढत गेले की सिरॉसिस होतो, आणि तो एकदा पक्का झाला की शीर उघडूनही पूर्वीचं यकृत परत येत नाही. काहीजणांना नुसत्या औषधांवर बरं वाटतं हे खरं आहे, म्हणून सगळीकडे सुरुवात औषधांनीच करतात. पण पाणी कमी होत नसेल आणि उघडण्याजोगी शीर समोर दिसत असेल, तर वाट पाहण्यात फायदा कुणाचाच नाही.

दोन शिरा पूर्ण बंद आहेत याने खचू नका. मुख्य तिघींपैकी एक नीट वाहायला लागली तरी बहुतेक वेळा यकृताचं काम भागतं. वर्षानुवर्षं बुजत आलेल्या शिरांमध्ये आतून आडवाटा तयार होतात, बंद शिरेचं रक्त त्या वाटांनी उघड्या शिरेकडे येतं.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं. पोट उघडत नाहीत, टाकेही नसतात. मानेच्या उजव्या बाजूची जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत तिथल्या मोठ्या शिरेत सुई घालतात. त्या सुईतून केसासारखी बारीक तार आणि तिच्यावरून पोकळ नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली महाशिरेत आणि तिथून यकृताच्या शिरेच्या तोंडाशी नेतात. तोंड सापडणं हाच सगळ्यात कष्टाचा भाग. कधीकधी वरून सापडतच नाही. मग उजव्या बगलेखालून, बरगड्यांच्या मधून, यकृतातल्या शिरेत सुई घालून तार आतून बाहेर काढतात. तसं करावं लागलं तर काही बिघडलं असं समजू नका. ती ठरलेलीच दुसरी वाट आहे.

शिरेत पोहोचल्यावर डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, सोडून चित्र घेतात आणि दाब मोजतात. निरोगी माणसात यकृताच्या शिरेतला दाब आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब जवळजवळ सारखा असतो. तुमच्या मुलीत तो शिरेत बराच जास्त निघेल. मग अरुंद जागेत फुगा नेऊन फुगवतात. पडद्यावर मी ते अनेकदा पाहिलंय. फुगा दोन्ही टोकांना फुगतो आणि मधे, जिथे व्रण आहे तिथे, दोरी आवळल्यासारखी कंबर दिसते. दाब वाढवत नेला की ती कंबर हळूहळू भरत जाते आणि एका क्षणी नाहीशी होते. खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष त्या वेळी त्या एकाच जागेवर असतं. नंतर पुन्हा डाय सोडली की मघाशी तोंडाशी अडकणारं रक्त सरळ वर हृदयाकडे जाताना दिसतं. दाब पुन्हा मोजतात, आणि दोन ठिकाणांमधला फरक उतरलेला असतो.

नुसत्या फुग्याने उघडलेली शीर पुन्हा आकसू शकते, कारण व्रणाला चिवट लवचिकपणा असतो. तिथे स्टेंट लागतो, म्हणजे जाळीची धातूची नळी, जी आतून भिंतीला टेकून राहते. थोड्या लांबीच्या अडथळ्यांत फुगा एकटा पुरे की स्टेंटही घालावा, याची चाचणी चीनमध्ये झाली. २०१९ साली ती प्रसिद्ध झाली, आणि स्टेंट घातलेल्यांमध्ये शीर पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण खूपच कमी निघालं. म्हणून ‘आधी फुगाच करून बघा ना’ असा आग्रह धरू नका. ते आत गेल्यावर, चित्र आणि दाब बघून, करणाऱ्यांना ठरवू द्या.

धोके आहेत. शिरेला किंवा यकृताला इजा होऊन पोटात रक्तस्राव होऊ शकतो, स्टेंट जागेवरून सरकू शकतो, आत पुन्हा गुठळी होऊ शकते, डायची ॲलर्जी येऊ शकते किंवा तिच्यामुळे मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. गंभीर प्रसंग थोडे असतात, पण हे काम नेहमी करणाऱ्या हातांत ते आणखी थोडे होतात. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा, की याच आजाराचे रुग्ण तुमच्याकडे किती येतात, आणि शीर उघडता आली नाही तर पुढचा बेत काय. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. पुढच्या बेताचं नाव बहुधा ‘टिप्स’ असेल. त्यात यकृताच्या आतूनच पोर्टल शीर आणि हृदयाकडे जाणारी वरची शीर यांच्यामध्ये अस्तर लावलेल्या स्टेंटची नवी वाट काढतात. तीही चांगली चालते. फक्त त्या वाटेने बरंच रक्त यकृतात न गाळता पुढे जातं, त्यामुळे काहींना गुंगी येते, गोंधळल्यासारखं होतं, आणि त्यावर औषध घ्यावं लागतं. यकृत फार बिघडलं असेल तर प्रत्यारोपण. आज तुमच्या समोर तो प्रश्न नाही, तेव्हा रात्री जागून तो वाचत बसू नका.

आता यजमानांची गोळी आणि मुलीची गोळी. यजमानांचा स्टेंट धमनीत आहे. तिथे रक्त जोरात धावतं, आणि गुठळी करायला पुढे असतात त्या प्लेटलेट नावाच्या पेशी. त्यांना आवरणाऱ्या दोन गोळ्या सुरुवातीला देतात. धमनीच्या आतलं अस्तर स्टेंटवर चढलं की एक बंद करतात. मुलीचा स्टेंट शिरेत असेल. तिथे रक्त संथ वाहतं आणि गोठण्याचा प्रकार वेगळा असतो, म्हणून औषधही वेगळं. वॉरफरिनसारखी गोळी देऊन आयएनआर नावाचा, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात. काहीजणांना नव्या पिढीच्या गोळ्या चालतात, पण ते यकृत किती चांगलं आहे आणि गोठण्याचं कारण काय निघालं यावर ठरतं. ‘बाबांचं बंद झालं तसं माझंही होईल’ या समजुतीने काही महिन्यांनी आपणच गोळी सोडलेली मुलं-मुली मी पाहिली आहेत. उघडलेली शीर स्टेंटसकट बंद होऊन ती मुलं परत आली. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं, कारण त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नव्हतं.

कारण शोधणं म्हणूनच महत्त्वाचं. या आजारात सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे अस्थिमज्जेचा एक संथ आजार, ज्यात रक्तपेशी प्रमाणाबाहेर तयार होतात. २००५ साली ‘जॅक-२’ या जनुकातला बदल सापडला आणि तो ओळखणं सोपं झालं. इथे एक खाच आहे. प्लीहा मोठी झालेली असते, रक्तातला पाण्याचा भाग वाढलेला असतो, त्यामुळे पेशींचे आकडे साधेच दिसतात. ‘हिमोग्लोबिन नॉर्मल आहे’ म्हणून ही तपासणी टाळू नये. बाकी गोठणं रोखणाऱ्या प्रथिनांची (प्रोटीन सी, एस वगैरे) जन्मजात कमतरता, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (यात शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं रक्त गोठवतात), आणखीही काही कारणं आहेत. प्रोटीन सी आणि एसचा अहवाल कमी आला तर लगेच घराण्याला दोष लावू नका. ही प्रथिनं यकृतच बनवतं, आजारी यकृतात ती कमीच येतात, आणि वॉरफरिनने आणखी उतरतात. रक्तविकार तज्ज्ञांना एकदा दाखवाच. एकाच माणसात दोन-दोन कारणं सापडणं या आजारात नेहमीचं आहे.

आणि इथेच तुमच्या मनात सलतं आहे ते. हार्मोनच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असेल तर त्याने रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढते, हे खरं आहे. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण त्या गोळ्या असंख्य मुली घेतात आणि त्यांच्या यकृताला काही होत नाही. बहुतेक वेळा आत दुसरं कारण दबा धरून बसलेलं असतं आणि गोळी त्याला फक्त ढकलते. तुम्ही पाळीच्या त्रासावर इलाज करत होतात, ताई. तो इलाज कुठल्याही आईने केला असता. आता एवढंच करायचं, की इस्ट्रोजेन असलेली कुठलीही गोळी तिने पुन्हा घ्यायची नाही, आणि तिच्या प्रत्येक कागदावर हे लिहून घ्यायचं.

मूल होऊ शकतं. शीर वाहती आहे, पाणी नाही, कारणावर उपचार चालू आहेत, अशा बायकांची बाळंतपणं नीट झालेली आहेत. पण ते आधी ठरवून करायचं. वॉरफरिन गर्भाला बाधतं, म्हणून त्या काळात पोटाच्या कातडीखाली टोचायच्या इंजेक्शनांवर आणतात. यकृतातल्या दाबामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत का हे दुर्बिणीने बघून ठेवतात. दिवस गेल्यावर धावत जाण्यापेक्षा आधी सहा महिने बोलणं सुरू करावं.

स्टेंटनंतर पोट एका रात्रीत उतरत नाही. काही आठवडे लागतात. तोवर लघवी वाढवणारी गोळी आणि कमी मीठ, दिवसाला एक छोटा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅमच्या आत. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. पायांना सूज नसेल तर रोज अर्धा किलोच्या आसपास उतरणं ठीक. त्याहून झपाट्याने उतरलं तर गोळीचा डोस जास्त होतोय, डॉक्टरांना कळवा. त्याच वहीत आयएनआर आणि डॉप्लरच्या तारखा लिहा. डॉप्लर पहिल्या काही दिवसांत एकदा, मग सुरुवातीला लवकर लवकर आणि पुढे दर सहा महिन्यांनी, तिला बरं वाटत असलं तरी. शीर पुन्हा अरुंद व्हायला लागली तर ती पोट फुगण्याआधी डॉप्लरवर दिसते, आणि तेव्हा बहुधा पुन्हा एकदा फुगा घालून काम होतं. यकृताची सोनोग्राफीही त्याच भेटीत होते. अशा यकृतात कधीकधी साध्या गाठी वाढतात, त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

अंगदुखीला दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या नकोत. त्यांनी रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं बिघडतात. काळी शौच, रक्ताची उलटी, डोक्याला मार, ताप येऊन पोट दुखणं, एकदम पोट फुगणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना. स्टेंटचं कार्ड मिळेल ते जपून ठेवा. पुढे कधी एमआरआय करायचा झाला की तेच विचारतात.

राहिलं ते तुमचं शेवटचं वाक्य. तिला सांगा. आजच सांगा. ती सत्तावीस वर्षांची आहे. संमती तिची लागते, आणि गोळी रोज तिलाच घ्यायची आहे, तुम्ही समोर नसलात तरी. ‘एक नस चोंदलीय’ एवढंच कळलेली मुलगी नस उघडल्यावर गोळी कशाला चालू ठेवेल? शिवाय ते करताना ती बहुतेक जागीच असेल, गुंगीच्या औषधावर. मान डावीकडे वळवून निजवतील, चेहऱ्याच्या बाजूला कापड येईल. डाय जाताना अंगात ऊब पसरेल. कुणीतरी श्वास रोखून धरायला सांगेल. फुगा फुगताना उजवीकडे पोटात काही क्षण आतून दाबल्यासारखं होईल आणि फुगा उतरला की जाईल. हे आधी माहीत असलं की त्या टेबलावर माणूस खूप कमी घाबरतं. तुमच्या तोंडून निघत नसेल तर आदल्या दिवशी करणाऱ्या डॉक्टरांना सांगायला लावा, पण तिच्या समोर बसून, आणि पहिला प्रश्न तिला विचारू द्या.